उणे दहा अंशांत मचाणावर न हलता, आवाज न करता कसे बसावे?

मुलुंडचा_पाहुणा

सर्वांना नमस्कार. माझा मावसभाऊ बरीच वर्षे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि तेथे रीतसर परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. तेथील धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. आम्ही पतीपत्नी डिसेंबरच्या उत्तरार्धात त्याच्याकडे जाणार आहोत आणि त्याने मला एक संपूर्ण दुपार आपल्याबरोबर मचाणावर बसण्याचे निमंत्रण दिले आहे. बाण मी सोडणार नाही, केवळ शेजारी बसणार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच मिटलेला असल्यामुळे समोरासमोर विचारावे असे ओळखीत कोणी नाही, म्हणून हा धागा. शिकार योग्य की अयोग्य या वादासाठी कृपया स्वतंत्र धागा काढावा.

अडचण अशी की माझा जन्म मुंबईतला आणि सगळे आयुष्य पंख्याखाली गेलेले. या शहराचे आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही जानेवारी १९६२ मधले, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचे. भाऊ म्हणतो की त्या दिवसांत दुपारीसुद्धा उणे दहा अंश असू शकते आणि मचाणावर किमान चार तास बसावे लागेल. मला थंडी वाजेल याची त्याला फारशी चिंता नाही. त्याची अट एकच आहे, की माझा आवाज होता कामा नये. मागच्या हंगामात त्याच्या एका पाहुण्याने गळ्याशी जाकिटाची चेन ओढली आणि तीस पावलांवर आलेले हरीण शेपटी उभारून निघून गेले, ही गोष्ट त्याने मला आतापर्यंत तीनदा सांगितली आहे.

मी घाईने एक फुगीर नायलॉनचे जाकीट घेतले. ते उबदार आहे, परंतु हात हलवला की वेफर्सची पिशवी चुरगाळल्यासारखा आवाज येतो. इथून काय न्यावे, तिथे काय घ्यावे आणि जाण्यापूर्वी घरी कसला सराव करता येईल? शिवाय भावाची स्वतःची तक्रार आहे की जाड कपड्यांत धनुष्याची दोरी बाहीला घासते. त्यावर उपयोगी पडेल अशी एखादी भेटवस्तू सुचवल्यास आभारी राहीन.

तुर्भ्याचे_शीतगृह

मी शिकारी नाही, आणि विस्कॉन्सिन मला नकाशावर शोधावे लागले. परंतु शीतगृहात पाळीप्रमुख म्हणून काम करत असल्यामुळे थंडीत माणसाचे काय होते हे रोज पाहतो. गोठवलेली मासळी ठेवण्याच्या आमच्या कक्षात तापमान उणे १८ अंशांच्या खाली असते. तिथे खोकी उचलणारा हमाल साध्या जाकिटात काम करून घामेजलेला बाहेर येतो, आणि त्याच कक्षात उभा राहून खोक्यांची मोजदाद करणारा कारकून त्याच्या दुप्पट कपडे घालूनही थोड्याच वेळात पाय आपटू लागतो. काम करणारे स्नायू हीच शरीराची शेगडी असते. माणूस स्थिर झाला की ती मंदावते आणि कपड्यांकडे राखण्यासारखी ऊबच उरत नाही. भावाच्या मचाणावर तुम्ही तो कारकून असणार आहात. भाऊ चालताना, चढताना किंवा अंगणात बर्फ उपसताना जे कपडे घालत असेल ते तुम्हाला पुरतील असे समजू नका.

कारकुनाचे पाय आपटणे इथे महत्त्वाचे आहे. तुम्ही ऊब आणि शांतता हे दोन प्रश्न म्हणून मांडले आहेत. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. ज्याला थंडी वाजते तो हलतो, हात चोळतो, खिसे चाचपतो, नाक ओढतो आणि शेवटी दात वाजवतो. ज्याला ऊब आहे त्याला गप्प बसा असे सांगावे लागत नाही.

सुरुवात पायांपासून करा. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा हमखास एकाच मापाच्या बुटात तीन मोज्यांचे जोड कोंबतो आणि सगळ्यांत आधी त्याचीच बोटे बधिर होतात, कारण आवळलेल्या पायात रक्त नीट फिरत नाही आणि ऊब धरून ठेवणारी हवाही राहत नाही. लोकरीचा एक जाड जोड आणि त्यात बोटे मोकळी हलतील असा एक माप मोठा बूट, एवढे पुरे. दुसरी गोष्ट तळव्याखालची. आमचा मोजणीवाला लादीवर उभा राहत नाही, लाकडी फळीवर किंवा रबरी गादीवर उभा राहतो. मचाण लोखंडी असेल तर ते पायांतली ऊब अखंड ओढत राहील. योगासाठी वापरतात त्या फोमच्या चटईचे दोन तुकडे कापून न्या, एक पायांखाली आणि एक बैठकीखाली. पायांखालच्या तुकड्यामुळे बूट लोखंडावर घासल्याचा आवाजही येणार नाही.

आणि सुती बनियन घालू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि घामाने भिजलेला सुती कपडा म्हणजे अंगाला चिकटवलेले पाणीच.

मिनेसोटातला_पार्लेकर

तुमच्या भावाच्या शेजारच्या राज्यात राहतो आणि बऱ्याच हिवाळ्यांपासून हाच उद्योग करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. शीतगृहवाल्या दादांनी मर्म बरोबर पकडले आहे. मला त्यात पहिल्या अर्ध्या तासाची भर घालायची आहे, कारण माझ्या पाहण्यात बहुतेक लोक मचाणावर गारठत नाहीत, मचाणापर्यंतच्या वाटेवर गारठण्याची तयारी करतात. गाडीपासून मचाण अर्धा किलोमीटर असले आणि तुम्ही सगळे कपडे अंगावर चढवून बर्फातून चालत गेलात, तर पोहोचेपर्यंत आतून भिजलेले असाल, आणि त्यानंतरचे चार तास तो घाम तुमच्या अंगातली ऊब घेऊन वाळत राहील. म्हणून चालताना आतले दोन थरच ठेवावेत, थोडी थंडी वाजली तर वाजू द्यावी, मुद्दाम सावकाश चालावे, आणि जाड थर पाठीवरच्या पिशवीतून न्यावेत. मचाणाखाली पोहोचल्यावर पाच-दहा मिनिटे उभे राहून अंग निवू द्यावे आणि मग बाकीचे कपडे चढवावेत. चेनी, पट्ट्या, बकल यांचे सगळे आवाज तिथे, जमिनीवर आणि वेळेआधी होऊन जातात.

आता कापडाविषयी. अंगालगत मेरिनो लोकर सर्वांत उत्तम. ती स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल शोषूनही ऊब देत राहते आणि तिला वासही लवकर लागत नाही. मधला थर फ्लीसचा. बाहेरचा थर लोकरीचा किंवा मऊ लव असलेल्या फ्लीसचा असावा, कारण ही दोन्ही कापडे आपल्यावरच घासली तरी बोलत नाहीत. वारा अडवणारे नायलॉन हवे असेल तर ते लोकरीच्या आत घालावे. तुमचे फुगीर जाकीटही याच रीतीने वापरता येईल, म्हणजे त्याच्यावरून एक ढगळ लोकरी कोट. ते परत करण्याची घाई करू नका.

कापडाची परीक्षा मुंबईत करता येते. रात्री पंखा बंद करून, बाही कानाशी धरून तिच्यावर नखाने ओरखडा काढा. पंखा चालू ठेवून ही परीक्षा करू नये, कारण आपल्याला त्या घरघरीची इतकी सवय असते की तिच्याआड काय लपते ते कळत नाही. मग तीच बाही तासभर फ्रीजरमध्ये ठेवून पुन्हा ऐका. जलरोधक लेप असलेली कापडे थंडीत ताठ होतात, त्यामुळे दुकानात मऊ वाटलेले जाकीट उणे दहाला कडकड वाजू शकते. माझी पहिली पँट अशीच निघाली, आणि तो संपूर्ण हंगाम मी गुडघा न वाकवता बसण्याचा प्रयत्न करण्यात घालवला.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. उणे दहा अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल तर उघड्या त्वचेला ते उणे वीससारखे जाणवते, आणि जमिनीपासून पाच मीटर उंच झाडावर आडोसा काहीच नसतो. मानेभोवती नळीसारखा लोकरी गळपट्टा, कान झाकणारी टोपी आणि हातांसाठी कमरेला बांधायचा लोकरी मफ, म्हणजे दोन्हीकडून हात आत घालायची पिशवी, या तीन गोष्टी घ्याच. मफ असला की हातात पातळ मोजे पुरतात. त्यात उष्णता देणाऱ्या पुड्या ठेवता येतात. त्या पुड्यांत लोखंडाची भुकटी, मीठ आणि कोळशाची पूड असते, हवा लागली की लोखंड गंजू लागते आणि त्या गंजण्यातून ऊब निघते. म्हणून बसण्याच्या थोडे आधी पाकीट फाडून त्यांना हवा दाखवावी. फाडण्याचा आवाजही त्यामुळे गाडीजवळच उरकतो. त्या थेट कातडीला लावू नयेत, भाजते. बुटात हवा कमी पोहोचते, म्हणून पायाच्या बोटांसाठी वेगळ्या बनवलेल्या पुड्या मिळतात. हे सगळे इथे कोणत्याही दुकानात मिळते, मुंबईहून आणू नका.

मुंबईत एक काळजी मात्र घ्या. कपडे पांढरेशुभ्र आणि चमकदार करणाऱ्या पावडरीने बाहेरचे कपडे धुऊ नका. हरणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही, परंतु निळ्या आणि अतिनील छटा त्याला आपल्यापेक्षा चांगल्या दिसतात, आणि त्या पावडरींतली चमक नेमकी त्याच छटांत उजळते. याच कारणाने भाऊ तुम्हाला भडक नारिंगी जाकीट घालायला सांगेल तेव्हा गोंधळू नका. बंदुकीचा हंगाम चालू असलेल्या दिवसांत विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यवाल्यांनाही कमरेवरचे निम्मे तरी बाह्य कपडे त्या रंगाचे ठेवावे लागतात. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. तो रंग माणसांना दिसावा म्हणून असतो.

पट्टा हा मात्र विनोदाचा विषय नाही. अंगभर बांधायचा सुरक्षा पट्टा जमीन सोडण्याआधी झाडाला बांधलेल्या दोरीला अडकवायचा आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत काढायचा नाही. तो जाड कपड्यांवरून बसतो की नाही हे आदल्या दिवशी घरीच पाहून घ्यावे. आणि कोणी ऊब येण्यासाठी ब्रँडीचा घोट सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, क्षणभर गरम वाटते आणि आतली ऊब बाहेर जाते. मचाणावर तर तोलही जातो.

ठाण्याची_तिरंदाज

बाकी विषय माझा नाही, मी फक्त दोरीबद्दल लिहिते. २०२३ मध्ये बर्लिनला अदिती स्वामी आणि ओजस देवतळे जागतिक विजेते झाल्यापासून आपल्याकडे कंपाउंड धनुष्याची, म्हणजे दोन्ही टोकांना चाके असलेल्या धनुष्याची, ओळख वाढली आहे. तुमच्या भावाकडेही बहुधा तेच असेल. ज्या हाताने धनुष्य धरतात त्या हाताच्या आतल्या बाजूने दोरी वेगाने जाते, आणि तिथे फुगलेली बाही असेल तर दोरी तिला घासते. त्याने बाण तर भरकटतोच, शिवाय चापट मारल्यासारखा आवाज होतो. जाकीट अधिक जाड घेऊन किंवा बाही दुमडून हा प्रश्न सुटत नाही. धडावर बिनबाह्यांचे जाड जाकीट आणि त्याखाली हाताला चापून बसणारी लोकरी बाही, ही रचना करून पाहा म्हणावे. भेट म्हणून मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत पोहोचणारे, बाहीवरून घालायचे लांब आर्मगार्ड न्या. ते लवचीक कापडाचे, ओढून चढवायचे असावे; चिकटपट्टीचे घेतले तर ती सोडवताना जो आवाज होतो त्यावरून भाऊ आणखी तीन वेळा गोष्ट सांगेल.

त्याच्या जोडीला हस्तकलेच्या सामानाच्या दुकानातून पाठीला गोंद असलेला फेल्टचा एक ताव घ्या. धनुष्यावर बाण जिथे टेकतो त्या आसपासच्या उघड्या धातूला तो लावला की गारठलेल्या हातातून बाण घसरला तरी टणकन आवाज होत नाही. मचाणाच्या हातकठड्यालाही उरलेला तुकडा लावता येईल.

एक निरोप भावाला जरूर द्या. समजा त्याचे धनुष्य ७० पौंडांचे आणि ८० टक्के सूट देणारे असेल, तर पूर्ण ताणल्यावर हातावर १४ पौंडच उरतात, परंतु तिथवर पोहोचताना एकदा सगळे सत्तर ओढावे लागतात. तीन तास आखडून बसलेल्या खांद्यांना ते जमत नाही. मग माणूस धनुष्य आभाळाकडे उचलून झटक्याने ओढतो आणि हरणाला ती हालचाल दिसते. हिवाळ्यापुरते ओढण्याचे वजन थोडे कमी करावे आणि सराव पूर्ण हिवाळी कपड्यांत, टोपी-गळपट्ट्यासह, बसून करावा. जाड गळपट्ट्यामुळे गालाशी दोरी टेकण्याची जागा बदलते. ते सराव करतानाच लक्षात आलेले बरे.

मुलुंडचा_पाहुणा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, आभार. काल रात्री फ्रीजरची परीक्षा घेतली. जाकिटाच्या बाहीला जागा करण्यासाठी मटार आणि किसलेले खोबरे बाहेर काढावे लागले, त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. निकाल असा की बाही आधीपेक्षाही मोठ्याने वाजते. वडिलांचा जुना लोकरी कोट माळ्यावरून काढून त्यावर घातला तेव्हा आवाज जवळजवळ गेला. त्या जोडीत वातानुकूलन १८ अंशांवर ठेवून स्टुलावर न हलता बसण्याचा प्रयोग केला. थंडी अर्थातच वाजली नाही, परंतु अकराव्या मिनिटाला नाक खाजले आणि हात आपोआप वर गेला. निश्चल बसणे हे थंडीपेक्षा अवघड असेल असे वाटले नव्हते.

उरलेले प्रश्न थोडे संकोचाचे आहेत. मला हिवाळ्यात कोरडा खोकला असतो. चार तासांत चहा लागतो. आणि चहानंतर जे लागते तेही लागतेच.

हिमपक्षी_दादर

संकोच करू नका, खरे प्रश्न हेच आहेत. मी शिकारीला नव्हे, हिमबिबट्याचे छायाचित्र घेण्यासाठी फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरला गेलो होतो. गाव ४,२०० मीटरांच्या आसपास, आणि काम तुमच्यासारखेच, दगडाआड बसून राहण्याचे.

लघवीपासून सुरुवात करतो. थंडीत कातडीकडचे रक्त आत वळते आणि शरीर जास्तीचे पाणी मूत्रपिंडांवाटे टाकून देते, त्यामुळे एरवीपेक्षा लवकर जावे लागणार हे गृहीत धरा. पाणी पिणे बंद करणे हा उपाय नव्हे, त्याने गारठा वाढतो आणि खोकलाही. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची बाटली सोबत ठेवा आणि सगळ्या थरांच्या चेनी एका रेषेत येतात की नाही, तसेच सुरक्षा पट्टा बांधलेला असताना त्या उघडता येतात की नाही, हे घरी तपासा. मी ते तपासले नव्हते.

खोकला बहुतेक वेळा कोरड्या थंड हवेने उफाळतो. गळपट्टा नाकातोंडावर ओढून श्वास घेतला की आत जाणारी हवा थोडी ओलसर आणि कोमट होते. चष्मा असेल तर काचेवर वाफ धरते, म्हणून गळपट्ट्याची वरची कड नाकाच्या हाडाखाली ठेवावी. खडीसाखर किंवा खोकल्याच्या गोळ्या वेष्टन काढून, एका रुमालात गुंडाळून न्या. उबळ आलीच तर कोपराच्या आत, लोकरीत तोंड दाबून एकदाच खोका. दहा वेळा दाबलेला खोकला जास्त ऐकू जातो.

चहा थर्मासमध्ये न्यावा, पण त्याचे स्टीलचे झाकण पेला म्हणून वापरू नये. झाकणावर जुना मोजा चढवा किंवा प्लॅस्टिकचा पेला न्या. खायला डिंकाचे लाडू सर्वांत चांगले. तूप-गुळाची ऊब पुरते, चावताना आवाज होत नाही आणि गोठून दगडही होत नाहीत. चिक्की न्याल तर पहिल्याच घासाला भाऊ तुम्हाला खाली उतरवेल. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात, तेवढे लक्षात ठेवा.

निश्चल बसण्याच्या सरावाबद्दल एक युक्ती सांगतो. बाहेरून हलायचे नाही, आतून हलायचे. बुटातल्या बुटात बोटे वाकवा आणि सोडा, मांड्या घट्ट आवळून दहा अंक मोजा, मग पोट, मग खांदे. स्नायूंना काम मिळते आणि ऊब तयार होते, पण दिसत काहीच नाही. दर पंधरा मिनिटांनी एक फेरी करत गेल्यास तिसरा तास सुसह्य होतो. मोबाइल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, कारण थंडीत त्याची बॅटरी लवकर मान टाकते.

आणि कधी उतरायचे हे आधी ठरवून ठेवा. अंग थरथरणे ही पहिली सूचना. बोटांना चेन पकडता येईनाशी झाली, बोलताना जीभ जड झाली, किंवा उगाच चिडचिड होऊ लागली, तर शरीराचे आतले तापमान ३५ अंशांकडे घसरत असल्याची शक्यता असते. हाताला शिडी नीट धरता येते आहे तोपर्यंतच उतरावे. भाऊ हरणाकडे पाहत असेल, तुमच्याकडे नाही, म्हणून खुणेचा एक स्पर्श ठरवून घ्या.

मुलुंडचा_पाहुणा

शेवटचे एकच विचारतो. डिंकाच्या लाडवाला साजूक तुपाचा आणि जायफळाचा वास असतो. हरणाचे नाक फार तीक्ष्ण असते असे वाचले आहे. लाडू नेल्याने भावाची शिकार हुकणार नाही ना?

मिनेसोटातला_पार्लेकर

लाडवाच्या आधी तुमचा स्वतःचा वास आहे, आणि तो कोणत्याही साबणाने पूर्ण जात नाही. वारा तुमच्याकडून हरणाकडे जात असेल तर लाडू घरी ठेवूनही उपयोग नाही, आणि हरणाकडून तुमच्याकडे येत असेल तर लाडू खुशाल खा. भाऊ मचाणाची जागा त्या दिवशीचा वारा पाहूनच निवडेल. फक्त संध्याकाळकडे लक्ष ठेवा. ऊन असेपर्यंत उतारावरची हवा वर चढते, ऊन उतरले की गार हवा उताराने खाली सरकू लागते आणि तिच्याबरोबर तुमचा वासही खालच्या बाजूला जातो. वारा पडलेल्या गार संध्याकाळी आवाजही दूरवर पोहोचतो, आणि हरणे चरायला बाहेर पडण्याची वेळ नेमकी तीच असते. तेव्हा लाडू चारच्या आधी संपवून डबा पिशवीत, फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि त्यानंतर अंधार पडेपर्यंत पिशवीला हात लावू नका.